जुलैतलं ‘आमच्या होडीतलं’ पापलेट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाचजण कोल्हापुरातून मालवणला गेलो. मी, बायको, आई, आठ वर्षांची मुलगी आणि बायकोची मावशी. मावशीचं बालपण वेंगुर्ल्यात गेलेलं, त्यामुळे मासे निवडायचं काम तिच्यावर सोपवून आम्ही निर्धास्त होतो. आई शाकाहारी, ती फक्त समुद्र बघायला आली होती.

सकाळी धक्क्यावर गेलो. सिंधुदुर्ग किल्ला समोर हाकेच्या अंतरावर दिसत होता, पण पावसाळ्यात तिकडे जाणारी होडी बंद. पाणी गढूळ, लाटा उसळलेल्या, मासेमारीच्या बोटी ताडपत्र्या घालून ओळीनं ओढून ठेवलेल्या. मुलीचा हिरमोड झाला. मीच तिला समजावलं की या दिवसांत समुद्रात जाणं धोक्याचं असतं, बाळा. हे माझ्या तोंडचं वाक्य लक्षात ठेवा.

दुपारी आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या माणसानं तारकर्लीच्या वाटेवरच्या एका घरगुती खानावळीचं नाव सुचवलं. “आम्ही पाठवलंय म्हणून सांगा,” असंही वर म्हणाला. तेव्हा वाटलं, किती आपुलकी!

आणि जागा होतीच तशी. चिऱ्यांचं घर, शेणानं सारवलेलं अंगण, पुढे तुळस, पडवीत भिंतीला टांगलेलं जुनं जाळं. दारातच एक आजी विळीवर नारळ खवत बसलेल्या. (आम्ही दोन तास तिथे होतो, तेवढ्यात त्यांच्या हातातली वाटी काही बदलली नाही. पण त्यांच्यावर माझा राग नाही, कदाचित खरंच त्या घरातल्या असतील.) घरातला तरुण मुलगा आला, आईच्या पाया पडला. मेनूकार्डावर थाळ्यांचे दर होते, पण पापलेटपुढे ‘साइझप्रमाणे’ एवढंच.

मग तो स्टीलच्या परातीत मासे घेऊन आला. “हे बघा काका, पहाटे आमच्याच होडीतून आलंय.” कल्ला उघडून लालभडक दाखवला. मावशीनं बोटानं दाबून पाहिलं, मांस घट्ट होतं. दोन पापलेटं निवडली. त्यातल्या मोठ्याची शेपटी एका बाजूनं तुटलेली होती, मुलीनं लगेच त्याचं नाव ‘तुटक्या’ ठेवलं. मी वजन विचारलं. “अर्धा अर्धा किलो भरतील.” दर विचारला. “पाव्हण्यांकडून काय जास्त घ्यायचं काका?” एवढा आदरानं बोलणारा पोरगा, त्याला पुन्हा आकडा विचारायला मला लाज वाटली. आमची फसवणूक या लाजेतच झाली, पुढचं सगळं नुसतं बिल.

अर्ध्या तासानं ताटं आली. रव्यात तळलेली पापलेटं हाताच्या पंजाएवढी. तळल्यावर मासा आटतो, हे मलाही कळतं, पण इतका? काट्यावरून मांस सुटं निघण्याऐवजी पिठासारखं भुगा होत होतं आणि रव्याखाली पाणी सुटलेलं. मावशी एक घास खाऊन गप्प झाली. मुलगी मात्र खूश. “बाबा, तुटक्याची शेपटी बरी झाली!” आम्ही हसलो. पोरगी गंमत करतेय असं वाटलं.

हात धुवायला मागच्या बाजूला गेलो, तर बेळगावच्या नंबरप्लेटच्या गाडीतून नुकतंच आलेलं एक कुटुंब पडवीत बसलं होतं. त्यांच्यापुढे तीच परात. “पहाटे आमच्याच होडीतून…” आणि मुलगी केवढ्यानं तरी ओरडली, “बाबा, तुटक्या!”

तोच होता. एका बाजूनं तुटलेली शेपटी, लालभडक कल्ला. दाखवायचा मासा वेगळा, तळायचा वेगळा.

तेवढ्यात बिल आलं, वहीच्या कागदावर. दोन पापलेटं ३,००० रुपये, दोन सुरमई थाळ्या ९००, बांगडा थाळी ३००, आईची शाकाहारी थाळी २००. ‘अजून आणू का?’ म्हणत आग्रहानं वाढलेल्या चार सोलकढ्यांचे २४०. वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण ५,३५९. कागदावर ना खानावळीचं नाव, ना जीएसटी क्रमांक.

मी म्हटलं, पक्की पावती दे. “मशीन बंद आहे काका.” इथे माझं थोडंफार ज्ञान कामी आलं. सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावायचा नाही, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच काढल्या आहेत. जीएसटी घ्यायचा तर बिलावर पंधरा अक्षरी क्रमांक हवा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं. आणि लहान हॉटेलं ज्या कंपोझिशन योजनेत असतात, तिथे तर गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. हे सांगितल्यावर ७१९ रुपये निमूट कमी झाले. पापलेटाचे तीन हजार मात्र हलले नाहीत. “मासा तुम्ही बघून घेतला ना?” यावर काय बोलणार? तुटक्याला साक्षीदार म्हणून उभा करणार? ४,६४० रुपये भरले. क्यूआर कोडवरही खानावळीचं नव्हे, कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी बिल मागितलं, माझ्याकडे वहीचा कागद. ते तिथेच राहिलं.

गाडीत मावशी म्हणाली, “पोरांचा हिरमोड नको म्हणून गप्प बसले. पहिल्याच घासाला कळलं होतं, बर्फातलं आहे.” मग तिनं जे सांगितलं ते मला सकाळी धक्क्यावरच सुचायला हवं होतं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असते, पण त्या खवळलेल्या दर्यात कोण जाणार? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे तिकडचा मासा बर्फात घालून येतो, किंवा मग मेमध्ये साठवलेला असतो. बर्फातला मासा विकणं हा गुन्हा नव्हे, तसं सांगून, त्या दरानं विकावा. मावशीच्या मते मासा निवडला की तिथल्या तिथे काट्यावर तोलून घ्यायचा, दर कागदावर लिहून घ्यायचा आणि आपल्या डोळ्यांदेखत पोटात चीर द्यायला लावायची. चीर दिलेला मासा पुढच्या गिऱ्हाइकाला ‘आत्ता आला’ म्हणून दाखवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजाराजवळच्या एका बोळात जेवलो. चार बाकडी, वर पत्रा. मी मुद्दामच पापलेट मागितलं. बाई म्हणाल्या, “पापलेट बर्फातलां आसा. खातलास तर देतंय. पण काळुंदर खाडयेतला आसा, ताच खावा.” काळुंदर तळलेलं, सुक्या बांगड्याची चटणी, भात, सोलकढी, आईला काळ्या वाटाण्याची उसळ. मुलीनं आधी परातीतल्या आणि मग ताटातल्या माशाची शेपटी तपासली, त्यावर बाई हसत सुटल्या. कारण सांगितल्यावर हसू थांबलं आणि त्यांनी खानावळीचं नाव न विचारताच विचारलं, “झिला, आजी नारळ खवी होती काय रे?”

बिल त्यांनीही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावरच केलं. आईनं दोनदा बेरीज करून पाहिली, बरोबर होती.