मातीचा वर्णपट वाचताना: दृश्य आणि अवरक्त प्रकाशाच्या स्पेक्ट्रोमीटरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने 350 ते 2500 नॅनोमीटर पल्ल्याचा एक स्पेक्ट्रोमीटर माझ्या मातीपरीक्षणाच्या टेबलावर आहे आणि सुट्टीचे दिवस वगळता तो रोज चालू झाला आहे. त्याआधी माझे सगळे काम रसायनांवर चालत असे. सेंद्रिय कर्बासाठी वॉकली-ब्लॅक पद्धत, म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल. चिकणमातीचे प्रमाण काढण्यासाठी हायड्रोमीटर, ज्यात मातीचे कण नीट सुटे करून पहिले वाचन 40 सेकंदांनी आणि दुसरे 2 तासांनी घ्यावे लागते. स्पेक्ट्रोमीटरचे वाचन काही सेकंदांत होते, माती खर्ची पडत नाही आणि क्रोमियमयुक्त सांडपाण्याची विल्हेवाट लावावी लागत नाही. एवढ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांचे मोल वाटते. मात्र हे यंत्र मोजते तो मातीवरून परतलेला प्रकाश. कर्बाचा आकडा हाती येतो तो आधी रसायनाने तपासलेल्या नमुन्यांशी त्या प्रकाशाची गाठ घालणाऱ्या गणिती मॉडेलमधून, आणि हे विसरून काम केले की यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देते.

वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परतला हे दाखवणारी रेषा, डोळ्यांनी वाचायला शिकणे हा या काळातील सर्वांत आनंदाचा भाग होता. एखादा घटक प्रकाश शोषतो तेथे या रेषेत खळगा पडतो. दृश्य भागात आणि त्याला लागून असलेल्या निकट-अवरक्त भागाच्या सुरुवातीला लोहाची खनिजे बोलतात: तांबड्या मातीतील हेमॅटाइटचा खळगा 880 नॅनोमीटरच्या आसपास, तर पिवळसर गोएथाइटचा थोडा पुढे, 920 च्या जवळ दिसतो. सेंद्रिय पदार्थ भरपूर असला की दृश्य भागातील सगळी रेषाच खाली दबते. पुढे 1400 आणि 1900 नॅनोमीटरला पाण्याचे दोन ठळक खळगे येतात, 2200 च्या आसपास चिकणमातीच्या खनिजांतील ॲल्युमिनियमशी जोडलेल्या हायड्रॉक्सिलचा खळगा येतो आणि चुनखडीयुक्त मातीत 2340 च्या सुमारास कार्बोनेटचा. केओलिनाइट हे चिकणमातीचे खनिज असेल तर 2200 जवळचा खळगा जोडीने येतो, एक मोठा आणि त्याच्या डाव्या खांद्यावर एक लहान. ही जोडी प्रथम स्पष्ट दिसली तेव्हा मी तो नमुना तीनदा वाचून पाहिला.

नमुन्याच्या तयारीत मी सुरुवातीला घाई केली आणि त्याचा भुर्दंडही सोसला. ओली माती गडद दिसते, कारण कणांभोवती हवेऐवजी पाण्याचा थर आला की प्रकाश कणांच्या पृष्ठांवरून कमी विखुरतो आणि आत अधिक शोषला जातो. त्यामुळे ओलसर नमुना मॉडेलला अधिक कर्ब असलेल्या नमुन्यासारखा भासू शकतो. आता प्रत्येक नमुना 40 अंश सेल्सिअसला वाळवून, हलक्या हाताने खलून आणि 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढूनच वाचनाला जातो. तरीही 1900 चा खळगा खोल दिसला म्हणून नमुना ओला आहे असे लगेच मानू नये, कारण स्मेक्टाइट प्रकारची चिकणमाती हवेत वाळल्यावरही आपल्या थरांमध्ये पाणी धरून ठेवते. हे कळेपर्यंत काही नमुने मी उगाचच दोनदा वाळवले.

चौथ्या महिन्यात घडलेला प्रकार मात्र सविस्तर सांगायला हवा. सलग काही दिवस चिकणमातीचे प्रमाण हळूहळू कमी येऊ लागले. नमुने एकाच ठिकाणचे नव्हते, त्यामुळे सर्वांची चिकणमाती एकाच वेळी घटावी याला काही कारण नव्हते. मॉडेल तपासले, फाइली तपासल्या, आणि शेवटी पांढरी संदर्भ चकती, जिच्याशी तुलना करून यंत्र मातीचे परावर्तन ठरवते, खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिली. तिच्या मध्यभागी, प्रोब (यंत्राचे प्रकाश टाकून वाचन घेणारे टोक) टेकतो तेथे, नाण्याएवढा फिकट तपकिरी डाग होता. प्रोबच्या काचेवर चिकटलेली बारीक माती प्रत्येक संदर्भ वाचनाला थोडीथोडी चकतीवर उतरली होती. यंत्र मातीचे परावर्तन चकतीच्या परावर्तनाने भागून दाखवते. चकतीवरच मातीचा थर असेल तर 2200 चा खळगा भागाकारात अंशतः मिटतो आणि मॉडेलला मातीत चिकण कमी असल्याचे वाटते. यातील फसवी गोष्ट अशी की मळलेल्या चकतीवर संदर्भ घेऊन लगेच तीच चकती वाचली, तर रेषा नेहमीसारखी सपाट येते, म्हणजे रोजच्या तपासणीत दोष दिसतच नाही. त्या दिवसापासून दर दहा नमुन्यांनंतर काच पुसते, एक चकती केवळ तुलनेसाठी झाकून ठेवली आहे, आणि एका ओळखीच्या मातीची बाटली बाजूला ठेवून ती रोज सकाळी प्रथम वाचते. तिची रेषा कालच्या रेषेवर बसली नाही, तर त्या दिवसाचे काम पुढे जात नाही.

दिवा आणि डिटेक्टर तापून स्थिर होण्यासाठी मी अर्धा तास देते. या यंत्रात तीन डिटेक्टर आपापला पल्ला वाचतात आणि त्यांचे सांधे 1000 आणि 1800 नॅनोमीटरला आहेत. यंत्र थंड असताना वाचन घेतले की 1000 ला रेषेत एक लहान पायरी उमटते. ती दिसली की थांबावे.

मॉडेलच्या बाबतीत माझी मते आता पक्की झाली आहेत. जगभरच्या मातींचे तयार वर्णपट-संग्रह उपलब्ध आहेत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक संग्रहात 92 देशांतील 23 हजारांहून अधिक वर्णपट आहेत. असा संग्रह सुरुवातीला मोठा आधार देतो, पण केवळ त्याच्यावर उभे केलेले मॉडेल माझ्या नमुन्यांवर कर्बाचे अंदाज ठरावीक दिशेने चुकवत होते. स्वतः रसायनाने तपासलेले मोजके नमुने त्यात मिसळल्यावर ही चूक बरीच कमी झाली. ते नमुने निवडताना मी वर्णपटांतील वैविध्य पाहिले, म्हणजे एकमेकांपासून शक्य तितके वेगळे दिसणारे नमुने घेतले, कारण एकसारख्या पन्नास नमुन्यांपेक्षा वेगवेगळे वीस नमुने मॉडेलला अधिक शिकवतात. आंशिक न्यूनतम वर्ग समाश्रयणाची (partial least squares regression) जुनी पद्धत माझ्या संख्येला पुरेशी ठरली. वर्णपट आधी सॅवित्स्की-गोले पद्धतीने गुळगुळीत करून त्याचा पहिला अवकलज, म्हणजे रेषेचा जागोजागचा उतार, घेतला, की कणांच्या आकारामुळे येणारे चढउतार बरेचसे निघून जातात. एक गोष्ट अनेकजण विसरतात: मूळ रासायनिक तपासणीत जेवढी चूक असेल, ती मॉडेल तशीच शिकते. माझे दोन वॉकली-ब्लॅक निकाल एकमेकांशी जुळत नव्हते तेव्हा दोष प्रकाशाचा नव्हता, टायट्रेशनचा होता.

कोणत्या गुणधर्मांवर विसंबावे, याविषयी विक्रीच्या माहितीपत्रकांत जे छापलेले असते ते मी सरसकट मान्य करणार नाही. सेंद्रिय कर्ब, चिकणमाती, चुनखडी आणि धन-आयन विनिमय क्षमता (धनप्रभारित पोषक आयन धरून ठेवण्याची मातीची क्षमता) यांचे अंदाज मला समाधानकारक मिळाले, कारण या गोष्टी प्रत्यक्ष प्रकाश शोषणाऱ्या घटकांशी निगडित आहेत. सामूचा (pH) अंदाज अप्रत्यक्ष असतो. चुनखडी आणि खनिजांच्या सोबतीने तो एका भागात ठीक येतो आणि दुसऱ्या भागात कोसळतो. उपलब्ध स्फुरद आणि पालाश यांच्यासाठी मी हे यंत्र वापरत नाही. मातीच्या कणांवर धरलेल्या त्या अत्यल्प मात्रेचा स्वतःचा खळगा या पल्ल्यात नसतो, आणि खताची मात्रा ठरवायची असेल तर असा अंदाज पाठवणे मला पटत नाही.

याहून लांब तरंगांच्या, म्हणजे मध्य-अवरक्त पल्ल्याच्या यंत्रावर मी काही दिवस काम केले. तेथे रेणूंची मूळ कंपने दिसतात, तर आपल्या पल्ल्यात त्यांची अधिस्वरे आणि जोड-पट्टेच, म्हणजे मूळ कंपनांच्या पटीतल्या आणि बेरजेच्या फिकट खुणाच, दिसतात. म्हणून तेथील खुणा अधिक तीक्ष्ण आणि बहुतेक गुणधर्मांचे अंदाज अधिक नेमके असतात. पण त्यासाठी माती फार बारीक दळावी लागते आणि ते यंत्र शेतात नेण्याचा विचार करता येत नाही. माझ्या कामाला निकट-अवरक्त पुरते.

आजही प्रत्येक नव्या तुकडीतील दहापैकी एक नमुना मी रसायनाने तपासते आणि मॉडेलच्या अंदाजाशेजारी तो आकडा लिहून ठेवते. गेल्या तुकडीत एका गडद मातीचा अंदाज बराच वर गेला. तिच्यात बारीक कोळसा निघाला. डायक्रोमेटशी कोळशाची अभिक्रिया फार अपुरी होते, आणि वर्णपटाला मात्र तो काळाच दिसतो. त्या मातीचे आणखी नमुने आता वाळत ठेवले आहेत.