आधी ‘फुटपाथ’ की ‘काला बाजार’?

रविवारची एकच संध्याकाळ मोकळी असेल आणि विश्वासघाताची गोष्ट पाहायची असेल, तर दिग्दर्शक झिया सरहदी यांचा ‘फुटपाथ’ (१९५३) हा सिनेमा लावा. आजी-नातवंडांसकट सगळं घर बसणार असेल, तर विजय आनंद यांचा ‘काला बाजार’ (१९६०) बरा. दोन्हींचे नायक काळाबाजारवाले, पण माल वेगळा, आणि सगळा फरक तिथूनच पडतो.

‘काला बाजार’चा रघू, म्हणजे देव आनंद, बस कंडक्टर. नोकरी जाते आणि तो सिनेमाची तिकिटं ब्लॅक करायला लागतो. मरीन लाइन्सच्या लिबर्टी थिएटरवरचा ‘मदर इंडिया’चा खराखुरा प्रीमियर यात आहे. गाड्यांतून उतरणारे कलाकार, बाहेर उसळलेली गर्दी. मुंबईकरानं तेवढ्यासाठी तरी हा सिनेमा पाहावाच. सचिनदेव बर्मन यांची गाणी आहेत, ‘खोया खोया चाँद’ आहे. पण तिकीट चढ्या भावानं घेतलेल्या माणसाचं फार तर चार पैशांचं नुकसान होतं. म्हणून रघूला माफ करणं आपल्याला जड जात नाही.

‘फुटपाथ’मधला नोशू साठेबाजीत शिरतो आणि ती औषधांपर्यंत पोचते. दिलीप कुमारनं उभा केलेला हा पत्रकार गरिबीला विटलेला आहे. थोरला भाऊ शाळामास्तर, सरळमार्गी. त्याचा धाकट्यावर पूर्ण भरवसा. साथ येते, औषध मिळेनासं होतं आणि त्यात हा भाऊच जातो. वाचकांचा, शेजाऱ्यांचा, घरच्यांचा, असा सगळ्यांचाच विश्वास नोशूनं मोडलेला असतो. शेवटी तो आपल्याच अंगाला प्रेतांची दुर्गंधी येते म्हणतो, तेव्हा दिलीप कुमार आवाज चढवत नाही. स्वतःचीच किळस आलेला माणूस इतका खरा मी क्वचितच पाहिला आहे.

उणिवा आहेत. संवाद भाषणाकडे झुकतात, उर्दूही जड वाटेल. मीना कुमारीच्या वाट्याला तिच्या ताकदीचं काम आलेलं नाही. पण खय्याम यांच्या चालीतलं, तलत महमूदनं गायलेलं ‘शामे-ग़म की क़सम’ याच सिनेमातलं, हे अनेकांना माहीतही नसतं.

‘काला बाजार’मध्ये ज्याचे पैसे रघूनं लांबवलेले असतात, तो वकीलच कोर्टात त्याच्या बाजूनं उभा राहतो. नोशूसाठी असा वकील नाही. पोलिसांपुढे तो आपणहून कबुली देतो. मला तो शेवट जास्त पटतो.