घुबडाचा पोपट

2018च्या बंदीआधी वीसेक वर्षं मी गणपतीसाठी थर्माकोलची मखरं कोरायचो. बंदी आली आणि तापत्या तारेचं मशीन माळ्यावर गेलं. हात शिवशिवायचे, म्हणून पुण्यातल्या एका दोन दिवसांच्या कार्यशाळेत नाव घातलं: थर्माकोलचा आकार कोरायचा, वर सिमेंट चढवायचं, बागेतलं शिल्प तयार. फी साडेतीन हजार, सामान त्यांचं, डबा आपला.

कोरकामात मला काय शिकवणार, अशा तोऱ्यात गेलो. फ्रिजच्या पॅकिंगचे ठोकळे जोडून दिले होते. नवा माल आणला नव्हता, हे आवडलं. तासाभरात घुबड काढलं, पीस न् पीस उठवलं. बाई बघून म्हणाल्या, "काका, हात छान आहे हो. पण हे सगळं बुजणार." बुजलंच. जाळीसकट सिमेंट सेंटिमीटरभर चढतं, म्हणजे चोच दोन्हीकडून मिळून दोन सेंटिमीटर फुगते. घुबडाचा अक्षरशः पोपट झाला, आणि माझाही.

तर आकार हडकुळा कोरायचा. पिसं, डोळे वगैरे शेवटच्या थरात, माल जरा आवळला की खिळ्याने ओढायचे. एवढं कळलं तिथेच माझी फी वसूल झाली.

माल एकास दोन: सिमेंट आणि चाळलेली रेती, पाण्यात थोडं लॅटेक्स (माल नीट चिकटावा म्हणून घालायचं रबरी द्रव). पहिला हात पातळ, ब्रशने. त्यावर फायबरची जाळी. तीही अल्कलीत टिकणारीच, साधी काचेची जाळी सिमेंट हळूहळू खाऊन टाकतं. मग थापीने जाड थर. हे बाईंनी शेजारी बसून, न कंटाळता करून घेतलं.

आता तक्रार. तारेचा धूर कोंडत होता, शेडला खिडकी एकच. हातमोजे दिले ते दवाखान्यातले पातळ. दुपारपर्यंत फाटले आणि सिमेंटने दोन बोटांची सालं निघाली. जाड रबरी मोजे घरून न्या. आणि रविवारी संध्याकाळी ओलं घुबड हातात देऊन निरोप दिला, पाणी मारण्याबद्दल चकार शब्द नाही! मी मखरवाला, मला काय ठाऊक. गच्चीत उन्हात ठेवलं, तिसऱ्या दिवशी मानेला चीर. समोरच्या इमारतीवरचा गवंडी हसला: "काका, स्लॅबला पाणी मारतात ते काय उगाच?"

दुसरं घुबड घरीच केलं. सात दिवस ओल्या गोणपाटात ठेवलं. त्याची चोच चोचीसारखी दिसते. पहिलं कुंड्यांच्या मागे आहे, चीर भिंतीकडे करून.