कोल्हापूरच्या हवेत डिफ्यूझर आणि सुगंधी तेलं: मार्चपासूनचा अनुभव

मार्चमध्ये घेतलेला डिफ्यूझर (सुगंधी तेल हवेत पसरवणारं यंत्र) अजून माळ्यावर गेलेला नाही, म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत. पण विकणारे सांगतात तसा झोप, केस, त्वचा, टेन्शन या सगळ्यावरचा उतारा वगैरे काही नाही. घरात वास छान राहतो, संध्याकाळ जरा निवांत जाते. एवढ्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. औषध म्हणून घेणार असाल तर तेच पैसे डॉक्टरांच्या फीला ठेवा.

माझं मशीन अल्ट्रासॉनिक आहे. टाकीच्या तळाशी छोटी चकती असते, ती इतक्या वेगानं थरथरते की पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि त्यांच्यासोबत तेल हवेत जातं. निखारा नाही, धूर नाही. आणलं तेही त्याचसाठी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज दिवेलागणीला ऊद घालायच्या आणि मग स्वतःच खोकत बसायच्या. पहिल्या दिवशी मशीनवर हात धरून म्हणाल्या, "वाफ निघतीया आणि हाताला गार लागतंय, हे कसलं गं बाई?" आता बटण त्याच दाबतात. पण धूर नाही म्हणून बिनधास्त राहू नका. दमा असेल तर नुसत्या उग्र वासानंही धाप लागू शकते. आमच्याकडे खिडकी उघडी ठेवून अर्धा तास चालवायचं आणि बंद करायचं, हा नियम.

खरी गंमत पावसाळ्यात. जून लागला की कोल्हापुरात काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. कपडे दोन-दोन दिवस दोरीवर, मिठाला पाणी सुटलेलं, भिंतींना ओल. त्यात हे यंत्र खोलीत आणखी पाणी सोडणार! मशीन ज्या कपाटाशेजारी होतं, त्याच्या मागच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके दिसायला लागले. डिफ्यूझर ही कोरड्या हवेची, एसीच्या खोल्यांची वस्तू आहे, हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. जुलै-ऑगस्ट मशीन बंद. त्याऐवजी कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकायचे आणि बोळा वाटीत ठेवायचा. कुबट कपाटातही हीच वाटी चालते, फक्त साड्यांना बोळा लागू देऊ नका, डाग पडतो. खरं सांगायचं तर या वाटीनं मशीनपेक्षा जास्त काम केलं, आणि फुकटात.

तेलांपैकी लॅव्हेंडर सगळ्यात जास्त संपलं. रात्री उशाजवळ ठेवते. झोप लवकर लागते हे खरं, पण बोळा ठेवायचा म्हणून उठते तेव्हा मोबाईलही लांब ठेवते. आता श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. निलगिरी आणि पेपरमिंट सर्दीत बरं वाटतं. पेपरमिंटमधलं मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, म्हणून नाक उघडल्यासारखं वाटतं. आतली सूज असते तेवढीच असते. आणि लहान मूल असलेल्या घरात निलगिरी, कापूर सांभाळून. थोडंसं जरी पोटात गेलं तरी मुलाला झटके येऊ शकतात. पुतण्या राहायला आला की सगळ्या बाटल्या कुलपात जातात.

गवती चहाचं तेल मी स्वयंपाकघरासाठी आणलं होतं. रविवारी तांबड्या रश्श्याचा वास पडद्यांत बसतो, तो जाईल म्हणून. जात नाही. मटण मसाला आणि गवती चहा मिळून जे तयार होतं त्याला नाव नाही. एक्झॉस्ट फॅन लावा. गवती चहाची पेंडी कपिलतीर्थ मंडईतून आणा आणि चहात घाला, तिथं ती शोभते.

अंगाला लावायचं तर ही तेलं कधीच नुसती लावायची नाहीत. तीस मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात दहा-बारा थेंब, यापुढे जाऊ नका, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. धाकटा दीर तालमीत जातो, त्याला गंधपुऱ्याच्या तेलाचं वेड. तालमीतून आला की जिन्यातूनच कळतं. ते तेल म्हणजे जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या कुळातलं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर चोळण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. पिण्याचं तर नावच नको, चमचाभरही जिवावर बेतू शकतो.

खरेदीत मात्र डोळे उघडे हवेत. किलोभर गुलाब तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. मग शंभर रुपयांत ‘शुद्ध गुलाब तेल’ कुठून येणार? ते सेंट. वास आवडला तर घ्या, पण सेंट म्हणून घ्या. बाटली गडद काचेची हवी, लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं. घरी एवढं करता येतं: पांढऱ्या कागदावर लॅव्हेंडरचा एक थेंब टाका. उडून गेला तर ठीक, दुसऱ्या दिवशीही तेलकट गोल राहिला तर त्यात साधं तेल मिसळलंय. अर्थात कारखान्यातला कृत्रिम वास यात पकडला जात नाही, तोही उडूनच जातो. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या बाटलीनं असा मोठा गोल सोडला. फोटो पाठवले, उत्तर आलं नाही, पैसेही नाहीत.

‘हजारो वर्षांची परंपरा’ वगैरे बाटलीवर लिहिलेलं असतं. अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हे नाव रूढ केलं ते गातफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं, १९३७ मध्ये, आणि त्याचा धंदा अत्तराचा. मला यात वावगं काही वाटत नाही. अत्तर म्हणून वापरलं की अपेक्षाही बेतात राहतात.

देखभालीचं म्हणाल तर आठवड्याला टाकीत पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून पुसायची, नाहीतर चकतीवर पांढरा थर चढतो आणि तुषार मंदावतात. लिंबू-संत्र्याची तेलं उघडल्यावर लवकर उतरतात आणि जुनं तेल त्वचेला जास्त चावतं, म्हणून पुढच्या वेळी पाच मिलीचीच बाटली घेणार. आत्यांना वाळ्याचं तेल हवंय. ते घट्ट असतं, चकतीवर चिकटून बसतं, तेव्हा तेही वाटीतच जाणार. महाग आहे, दिवाळीला बघू.