वाढदिवसाची सहल: व्हेनिस की प्राग?

जोडीदाराचा वाढदिवस युरोपात साजरा करायचा असेल तर आधी तारीख बघा, शहर नंतर ठरवा. नोव्हेंबर-डिसेंबरात व्हेनिसला भरतीचं पाणी सेंट मार्क चौकात चढू शकतं. त्या दिवसांत प्राग सरस; डिसेंबरात जुन्या शहराच्या चौकात ख्रिसमसचा बाजारही भरतो.

एप्रिल-मे असेल तर मात्र व्हेनिस. गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत, गल्लीत चुकायलाही मजा येते. खिशाला चाट बसते ती गोंडोलात: ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर माणशी नसून नावेचा, म्हणजे दोघंच बसलात तरी तेवढाच. गाणं हवं असेल तर त्याचे वेगळे. नुसती हौस भागवायची तर मोठा कालवा ओलांडणारी त्रागेत्तो नाव दोन युरोत पलीकडे सोडते, बहुतेक उभ्यानेच!

प्रागमध्ये हा रोमान्स फुकट आहे. १३५७ साली बांधायला घेतलेला चार्ल्स पूल पहाटे गाठा. दुपारी तिथे नीट फोटोही काढता येत नाही. चलन युरो नाही, कोरुना. रस्ते दगडी, त्यामुळे उंच टाचा घरीच ठेवा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो.