वाशीतलं एक दिवसाचं प्रार्थना शिबिर, ४ स्टार

शनिवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडून गेलो, बायकोने नाव घातलेलं म्हणून. मला वाटलं परत तेच, गुडघे टेका आणि यादी वाचा, नोकरी दे, बीपी कमी कर. पण शिकवणाऱ्या सिस्टरनी सुरुवातच बायबलमधल्या योहान १५:१५ पासून केली, येशू शिष्यांना दास नाही, मित्र म्हणतो तिथून, आणि मग अविलाच्या संत तेरेजाचं सांगितलं, १६व्या शतकातली स्पॅनिश नन, तिच्या मते प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतात गप्पा. मग प्रत्येकासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, येशू समोर बसलाय असं समजून बोला, १० मिनिटं. मी आधी खुर्चीच्या तुटलेल्या हत्थ्याकडेच बघत बसलो, खोटं कशाला बोलू. मग तोंडातून निघालं, "अरे, तुझ्यावर राग आहे माझा." मराठीत देवाला आपण तूच म्हणतो की, तरी एवढी वर्षं साहेबासमोर उभं राहिल्यासारखं बोलत होतो!

एक स्टार कापला कारण माईक सारखा खरखरत होता आणि जेवण अडीचला आलं, तेही गार. घरी आल्यापासून रोज रात्री भांडी घासताना बोलतो, बायको विचारते फोनवर कोण आहे.