शेअरमध्ये गुंतवताना भावाची चाल पाहायची की अर्थव्यवस्थेचे आकडे?

मराठीत ‘मंदी’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. शेअरचे भाव पडत राहिले की बाजारात मंदी, आणि उत्पादन, रोजगार आटले की अर्थव्यवस्थेतही मंदीच. त्यामुळे दोन्ही हातात हात घालून येतात असं वाटू लागतं. प्रत्यक्षात त्यांचं वेळापत्रक क्वचितच जुळतं.

अमेरिकेतलं 2009 साल घ्या. तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एकत्रित भाव दाखवणाऱ्या एस अँड पी 500 या निर्देशांकाने 9 मार्चला तळ गाठला. अर्थव्यवस्थेतली मंदी जूनमध्ये संपली. बेरोजगारी मात्र ऑक्टोबरपर्यंत चढतच राहिली आणि 10 टक्क्यांवर पोचली. मंदी जूनमध्येच संपली होती, हे ती ठरवणाऱ्या समितीने जाहीर केलं ते थेट सप्टेंबर 2010 मध्ये. तोवर निर्देशांक तळापासून 60 टक्क्यांहून जास्त वर आला होता.

म्हणजे आकडे निरुपयोगी का? सगळेच नाहीत. जीडीपीवर, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यावर, मात्र माझा फारसा भरवसा नाही. तो तिमाहीचा असतो, तिमाही सरल्यावर येतो आणि नंतर सुधारलाही जातो. शिवाय अर्थव्यवस्था वाढली म्हणून शेअर वाढतातच असंही नाही. चीनमधल्या शांघाय शेअर बाजाराचा निर्देशांक ऑक्टोबर 2007 मध्ये 6,100 च्या वर गेला होता. पुढच्या 15 वर्षांत चीनची अर्थव्यवस्था कित्येक पट झाली, पण निर्देशांक काही त्या उंचीला परत पोचला नाही.

पीएमआय, म्हणजे खरेदी व्यवस्थापकांच्या पाहणीतून निघणारा निर्देशांक, त्यापेक्षा कामाचा. कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना नव्या ऑर्डरी, उत्पादन, कामगारभरती गेल्या महिन्यापेक्षा वाढली की घटली एवढंच विचारतात. 50 च्या वर म्हणजे विस्तार, खाली म्हणजे आकुंचन. महिना संपताच तो हाती येतो. एक फसगत टाळा: 58 वरून 53 वर आलेला पीएमआय घसरण दाखवत नाही, वाढीचा पसारा कमी झाल्याचं सांगतो.

महागाई आणि व्याजदर हे खरे वजनदार. व्याजदर चढले की भविष्यातल्या नफ्याची आजची किंमत कमी होते आणि सुरक्षित रोखेही आकर्षक वाटू लागतात. मार्च 2022 ते जुलै 2023 दरम्यान फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर जवळपास शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, आणि 2022 च्या घसरणीमागे हेच मुख्य कारण होतं. पण इथेही आकड्यापेक्षा अपेक्षेला महत्त्व. 13 ऑक्टोबर 2022 ला महागाईचा आकडा अंदाजापेक्षा वाईट आला. बाजार उघडताच आपटला आणि त्याच दिवशी अडीच टक्क्यांहून जास्त वर बंद झाला! आकडा अचूक ओळखणाराही त्या दिवशी तोंडावर पडला असता.

रोख्यांच्या परताव्याचा उलटा वक्र, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी रोख्यावर दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त परतावा, हा मंदीचा सर्वात विश्वासू इशारा मानला जायचा. 2022 च्या मध्यापासून दोन वर्षांहून अधिक काळ तो उलटाच राहिला. त्या काळात मंदी आली नाही. उलट ऑक्टोबर 2022 पासून शेअर चढत गेले.

आता दुसरी बाजू, भावाची चाल. सोपा नियम असा: निर्देशांक त्याच्या मागच्या 200 दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर गुंतवणुकीत राहा, खाली गेला तर बाहेर पडा. 2008 मध्ये हा नियम शहाणा ठरला. वर्षाच्या सुरुवातीला बाहेर पडलेल्याला जून 2009 मध्ये बऱ्याच कमी भावात परत शिरता आलं. 2020 मध्ये फेब्रुवारीअखेर बाहेर आणि मेअखेर आत, दोन्ही वेळी एस अँड पी 500 हा 3,000 च्या आसपासच. मधली भीषण घसरण टळली, पण हाती काही लागलं नाही. बाजार वर्षभर एकाच पट्ट्यात घुटमळला तर याहून वाईट: सरासरी दहादा ओलांडली जाते आणि प्रत्येक फेरीला दलाली व कर कापला जातो.

निवड करायची तर आधी पैसे कधी लागणार ते पाहा. दोन-तीन वर्षांत लागणार असतील तर व्याजदरावर लक्ष ठेवा, कारण शेअर किती आणि रोखे किती हा निर्णय त्यावरच ठरेल. भावाच्या सरासरीने अशा माणसाची थोडी झोप वाचेल, पण तिच्या भरवशावर सगळी रक्कम शेअरमध्ये ठेवू नये. पंधरा-वीस वर्षं दरमहा ठरलेली रक्कम टाकणार असाल तर या दोन्हींपैकी कशाचीही गरज नाही. हप्ता न चुकवणं जास्त अवघड. आणि रोज खरेदी-विक्री करणाऱ्याला भावच पाहावा लागतो, फक्त मोठे आकडे कोणत्या दिवशी, किती वाजता येणार हे त्याला आधी माहीत हवं.

एवढं वाचूनही महिन्याला एकच आकडा पाहायचा असेल तर मी पीएमआय निवडेन, तोही तीन महिन्यांचा सलग, आणि त्यातही ‘नव्या ऑर्डरी’ हा रकाना आधी.